उजवीकडचा आवाज

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर आधी खाली बस. पाणी पी. बाबा धडधाकट आहेत, मी चालतीबोलती आहे, घरावर काही कोसळलेलं नाही. एरवी फोनवर तासन्‌तास गप्पा हाणणारी आई एकदम कागद घेऊन का बसली, हे कोडं तुला पडणारच. सांगते. पण मला माझ्या क्रमानं सांगू दे. कोर्टात साक्षीदाराला मध्येच तोडलं की जे सांगायला तो आलेला असतो तेच नेमकं राहून जातं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. तेव्हा हे एका बैठकीत वाच, आणि कुठलंही पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड आजच्यापुरती आवर.

तुझी खोली आम्ही रिकामी केली, हे तुला बाबांनी सांगितलंच आहे. पलंग भिंतीला उभा करून ठेवलाय, तुझी पुस्तकं माझ्या कपाटात आली आहेत, आणि खिडकीसमोर दोन दांडगे स्पीकर उभे आहेत, माझ्या कमरेच्या वर येतात इतके. बाबा त्यांना ‘व्याही’ म्हणतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘आल्यापासून मानानं बसलेत, जागा अडवलीय आणि मी काही बोलू शकत नाही.’ तू फोनवर हसून हसून विचारलंस की आई, या वयात हे काय खूळ? तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

तुला माझं कोर्टातलं टेबल आठवतं ना? न्यायाधीशसाहेबांच्या खालच्या पायरीवर, आणि साक्षीदाराचा पिंजरा माझ्या उजव्या हाताला. त्या टेबलाशी बसून मी लोकांचं किती काय काय ऐकलं. भावाभावांच्या वाटण्या, सासऱ्यांच्या शिव्या, मेलेल्या माणसाचे शेवटचे शब्द, आणि तेही हुंदक्यांत, खोकल्यांत, वकिलांच्या आरडाओरडीत. ऐकायचं आणि टंकायचं. निवृत्ती जवळ आली तसं मला वाटायला लागलं, की आता असं काहीतरी ऐकावं जे लिहून घ्यावं लागणार नाही. आमच्या लग्नाच्या आधी बाबा मला त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या तेव्हाच्या मालकांकडे घेऊन गेले होते. त्यांच्या दिवाणखान्यात दोन मोठ्या लाकडी पेट्या होत्या. मालकांनी तबकडी लावली, आणि त्या दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, जिथं नुसती भिंत होती, तिथं एक बाई उभी राहून गायला लागली. मी खरंच दचकून बघितलं होतं ग. श्वास घेतलेला ऐकू येत होता तिचा. बाबा माझ्याकडे बघून हसत होते. लग्नाला होकार मी त्याच संध्याकाळी मनात देऊन टाकला, पण ते त्यांना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं त्यांच्या नव्या शर्टाचा परिणाम.

तर तसे स्पीकर हवे होते. नवे नकोत, ते सगळे बुटांच्या खोक्याएवढे असतात आणि त्यातून बाई निघाली तर बाहुलीएवढीच निघेल. म्हणून जुन्याच्या मागे लागलो. तुझे बाबा म्हणाले, ‘जावई निवडताना आपण एवढी चौकशी केली नव्हती.’ पहिली जोडी एका जुन्या सामानवाल्याकडे पाहिली. बाहेरून लाकूड असं चकचकीत, की केस विंचरून घ्यावेत. तो म्हणाला, आवाज कडक आहे ताई, डोळे मिटून घ्या. मी डोळे उघडे ठेवून समोरची जाळी काढली आणि मोठ्या कागदी पडद्याच्या कडेला बोट लावलं, तर फोमची ती कड शिळ्या केकसारखी चुरा होऊन माझ्या हातात आली. तो सामानवाला म्हणाला, ‘हात लावला नसता तर टिकली असती.’ दुसऱ्या एका घरी दोन पेट्या दिसायला जुळ्या, पण मागचे क्रमांक बघितले तर दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, कुणीतरी दोन विधुरांची जोडी लावलेली. तिसरीकडे तळाचं लाकूड ओलीनं फुगलेलं आणि आत नाक नेलं तर तळघराचा वास. हळूहळू मी तयार झाले. पर्समध्ये एक साधा सेल आणि दोन तारा ठेवायला लागले. तारांनी सेल पेटीच्या मागच्या टोकांना क्षणभर जोडला की पडदा पुढे यायला हवा, दोन्ही पेट्यांचा एकाच दिशेनं. बोटांनी पडदा अलगद आत दाबायचा आणि आत खरखर होते का ते ऐकायचं. आणि सगळ्यात शेवटी आपली स्वतःची तबकडी लावायची, जिचा प्रत्येक श्वास आपल्याला पाठ आहे. माझ्याकडे त्या मालकांनी लग्नात दिलेली तीच होती, एकटी बाई आणि मागे फक्त व्हायोलिन.

एवढं सगळं मी मोठ्या हौसेनं करत होते. पण भिंगरी, खरं सांगायचं तर त्या हौसेच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याच्याकडे मी बघत नव्हते. गेलं वर्षभर मला वाटत होतं की साक्षीदार पूर्वीसारखे स्पष्ट बोलत नाहीत. कोर्टातला पंखा फार आवाज करतो म्हणून मी दोनदा अर्ज दिला. बाबा तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून त्यांच्यावर खेकसले. चांगले स्पीकर आले की सगळं छान ऐकू येईल, असं मला वाटत होतं. म्हणजे मी औषध शोधत होते, फक्त दुखणं काय ते ठरवलं नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी आम्ही भूगोलाच्या बाईंकडे गेलो. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, ताठ, केस घट्ट बांधलेले, भिंतीवर अजून नकाशे. थोरल्या भावानं घेतलेले स्पीकर, भाऊ गेला, आणि आता त्या भाचीच्या लहान घरात राहायला जाणार होत्या. मी जाळी काढून पडदा दाबायला लागले, तशा त्या म्हणाल्या, ‘माझ्या घरातली वस्तू आहे, बाजारातली भाजी नव्हे.’ पण दाबू दिलं. कड नव्यानं बसवलेली, एकदम लवचिक. क्रमांक लागोपाठचे. सेल लावला, दोन्ही पडदे शहाण्यासारखे पुढे आले. लाकूड कोरडं. बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं, भरीव आवाज. मी बाबांकडे बघून डोळे मिचकावले. मग माझी तबकडी लावली.

ती बाई गायला लागली, पण मधोमध नाही. डावीकडच्या पेटीत. उजवीकडून नुसतं धुकं. मी बाईंना सांगितलं की तुमच्या उजव्या स्पीकरचा आवाज बसलाय. त्या म्हणाल्या, ‘काहीतरीच काय? मी रोज ऐकते.’ मला वाटलं, विकणारा दुसरं काय म्हणणार? मी तारा काढून उलट्या जोडल्या. दोष तारेत किंवा अँप्लिफायरमध्ये असेल तर तो बाजू बदलतो. आवाज डावीकडेच. मग मी म्हटलं, पेट्याच अदलाबदल करूया. बाबा आणि मी धापा टाकत डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे नेली. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. पुन्हा तबकडी. तीच बाई, पुन्हा डावीकडे. आत्ता ज्या पेटीला मी आजारी म्हटलं होतं, तिच्यातूनच ती खणखणीत गात होती, आणि तिच्या धडधाकट जोडीदाराची वाचा बसली होती. बाबा म्हणाले, ‘अगं, मधोमध तर आहे.’ भूगोलाच्या बाई म्हणाल्या, ‘मी तेच सांगतेय.’

मला कुणी शिकवलं नव्हतं, पण माझं अंगच वळलं. मी स्पीकरकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभी राहिले. आणि ती बाई चालत दुसऱ्या पेटीत गेली. आता माझा डावा कान त्या बाजूला होता ना. पुन्हा वळले, ती परत आली. मी जिकडे डावा कान करीन तिकडे ती येत होती. भिंगरी, माझ्या पायांखालची फरशी थंड पडली. समोर कुठल्यातरी समुद्राचा निळा रंग होता आणि मी त्याच्याकडे टक लावून उभी होते, कारण वळले असते तर दोघांनी माझं तोंड बघितलं असतं. स्पीकरमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. घासाघीस, चिकित्सा, सेल, तारा, सगळं करून मी जो बिघाड शोधून काढला होता तो माझ्याच डोक्यात होता. मी म्हटलं, ‘छान आहेत, घेऊया.’ बाई म्हणाल्या, ‘मग उजव्याचं काय?’ मी म्हटलं, ‘माझाच घोटाळा झाला.’ एवढं एकच खरं बोलले मी त्या दिवशी.

तुला आजी आठवते, माझी आई? हसरी आणि गप्प. तू लहान होतीस, तुला वाटायचं ती शांत आहे म्हणून. शांत नव्हती ग, तिला ऐकू येत नव्हतं. तुझा मामा झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून जायला लागलं ते गेलंच. बायका म्हणायच्या, गर्विष्ठ आहे, हाक मारली तर बघत नाही. चार माणसांत बसली की सगळे हसले की ती हसायची, पण एक क्षण उशिरा. ओठ बघून कळायचं तिला. दिवे गेले की तिच्याशी बोलणं संपायचं. अंधारात माझा हात धरून बसायची आणि मी काही म्हटलं तरी नुसती हात दाबायची. त्या बाईंच्या घरातून खाली उतरताना जिन्यात मला तो हात आठवला, आणि मी कठडा सोडू शकले नाही. बाबांना वाटलं पेट्या उचलून कंबर धरली.

स्पीकर घरी आले. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते तुला सांगून खरं वाटणार नाही. बाबा दुकानात गेले की मी रोज ती तबकडी लावायची आणि खुर्चीत बसून बघायची की बाई आज मधे येते का. रोज तिथंच, डाव्या पेटीत. मग मला अँप्लिफायरवरचं बॅलन्सचं बटण सापडलं. ते उजवीकडे फिरवत गेलं की ती हळूहळू सरकत मधे येते. मी इतकी खूश झाले जशी काही पूर्ण बरी झाले. बटण जवळपास टोकाला गेलं होतं. एका संध्याकाळी बाबा ऐकायला बसले आणि म्हणाले, ‘हे असं एका बाजूला कलंडल्यासारखं का ऐकू येतंय?’ त्यांनी उठून बटण बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, धूळ पुसताना फिरलं असेल. त्यांनी बटण मधे आणलं आणि परत येऊन माझ्या डाव्या बाजूला बसले. एरवी ते नेहमी उजव्या बाजूला बसतात. तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्यांना कळलंय. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःपलीकडचं काही दिसत नाही.

आणि मग कोर्टात ते झालं. चोरीची केस होती, गोदामाचा पहारेकरी आरोपी. साक्षीला एक शिवणकाम करणारी बाई, गोदामासमोर तिचं दुकान. तिचा आवाज मुळातच बारीक, त्यात ती घाबरलेली. वकिलांनी विचारलं, त्या वेळी पहारेकरी तिथं होता का? ती काहीतरी म्हणाली. मी टंकलं, ‘तो तिथं होता.’ साक्ष संपल्यावर ती तिला वाचून दाखवली, तशी ती पिंजऱ्याचा कठडा धरून ओरडली, ‘मी असं म्हटलंच नाही! नव्हता म्हटलं मी, नव्हता!’ समोरचे वकील ताडकन उठले. साहेब, कुणीतरी पढवलंय, आता साक्ष फिरवतेय. ती बिचारी रडायला लागली. तो पहारेकरी मागच्या बाकावरून माझ्याकडे बघत होता. साहेबांकडे नाही, वकिलाकडे नाही, माझ्या हातांकडे. साहेबांनी खाली वाकून विचारलं, ‘बाई, तुम्ही काय ऐकलंत?’

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी काय ऐकलं ते कागदावर असायचं आणि कागदावरचं खरं असायचं. ‘होता’ म्हटलं असतं तर संपलं असतं, माझ्यावर कुणी शंका घेतली नसती, तिच्यावर घेतली असती. मी उभी राहिले. म्हटलं, ‘साहेब, मला तिचं नीट ऐकू आलं नाही. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही.’ कोर्टात अशी शांतता पसरली की पंखा ऐकू आला. बरा होता ग तो पंखा, काही फार आवाज करत नव्हता. साहेबांनी त्या बाईला पुन्हा विचारलं, ती पुन्हा म्हणाली, ‘नव्हता’, साहेबांनी स्वतः तो शब्द मोठ्यानं उच्चारला आणि मी तो टंकला. मग त्यांनी मला आत बोलावून घरी जायला सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मी घरी न जाता बाबांच्या दुकानात गेले. ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते आणि म्हणत होते, ‘अहो, यात घाबरण्यासारखं काही नाही, वयानुसार नंबर वाढतो.’ दिवसातून पन्नास वेळा म्हणतात ते हे वाक्य. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. मी वाट बघत होते की आता ते मलाही ते वाक्य म्हणतील. ते म्हणाले नाहीत. पुसायचं फडकं खाली ठेवलं, दाराची पाटी उलटी केली, कुलूप लावलं आणि म्हणाले, ‘चल.’ भर दुपारी दुकान बंद करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तुझ्या जन्माच्या वेळचं सोडलं तर. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

कानाच्या डॉक्टर तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला टेलिफोनच्या खोपट्यासारख्या एका खोलीत बसवलं, दार लावलं, कानांवर यंत्र चढवलं आणि म्हणाल्या, आवाज आला की बटण दाबा. आत इतकं निःशब्द होतं की मला माझं हृदय ऐकू येत होतं. डाव्या कानात टिणटिण आली, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. काचेपलीकडे त्यांचा हात मात्र चालू होता, खुणा करत होता. म्हणजे आवाज येत होते आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हते. मला वाटलं, उगाच दाबून टाकावं का एकदोनदा. नंतर त्यांनी एक चिमटा वाजवला, धातूचा, दोन पायांचा, आणि त्याचं टोक माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवलं. आणि काय सांगू, तो आवाज उजव्या कानात आला! ज्याला मी मेलेला समजत होते त्याच कानात, चांगला ठणठणीत. मी रडायलाच लागले. मला वाटलं, कान बरा झाला. डॉक्टर म्हणाल्या, नाही हो, तुमची आतली नस चांगली आहे, म्हणून हाडातून गेलेला आवाज पोचतो. बाहेरून आत नेणारं दार अडकलंय. कानात घोड्याच्या रिकिबीसारखं एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याहून लहान. ते हललं तर आवाज आत जातो. माझं ते थिजत चाललंय, गंजलेल्या बिजागरीसारखं. डाव्या कानातही सुरुवात आहे, थोडी.

ऑपरेशन होतं यावर. ते हाड काढून एवढीशी दांडी बसवतात. बहुतेकांना ऐकू यायला लागतं. काही थोड्यांचं जे असतं तेही जातं, हे त्यांनी लपवलं नाही. बाबा हो म्हणतात, मी अजून ठरवलेलं नाही. सकाळी हो वाटतं, दुपारी नाही. तूर्त डॉक्टरांनी दिलेलं यंत्र लावते, आणि साहेबांनी माझं टेबल पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला हलवून दिलंय. तो पहारेकरी सुटला. त्या शिवणकामवाल्या बाईला मी जाऊन भेटले. तिनं मला बसायला स्टूल दिलं आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन बोलत राहिली.

आता तू म्हणशील, एवढंच ना आई? हे फोनवर सांगता आलं असतं. मीही स्वतःला तेच सांगत होते, आणि तू पोटुशी असताना तुला कशाला घाबरवायचं म्हणून गप्प बसले होते. पण डॉक्टरांनी त्या दिवशी शेवटी दोन प्रश्न विचारले. पहिला, घरात आणखी कुणाला होतं का? मी आजीचं सांगितलं. मामाच्या जन्मानंतर सुरू झालं, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, हे घराण्यातून येऊ शकतं, आणि काही बायकांना गरोदरपणात वाढतं असं दिसतं, सगळ्यांना नाही. मग दुसरा प्रश्न, ‘तुमच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का?’ मी म्हटलं नाही, मला कधीच नाही. आणि बोलता बोलताच ते वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं ते मला आठवलं. गेल्या महिन्यात तू हसत म्हणाली होतीस, आई, हल्ली माझ्या डाव्या कानात कुणीतरी लांबून सारखं शिट्टी वाजवतंय, पोटातल्या बाळाला वाटत असेल मी बहिरीच आहे. तू हसलीस, जावईबापू मागून काहीतरी बोलले, तू त्यांना ‘काय?’ म्हणालीस, पुन्हा ‘काय?’ म्हणालीस, आणि आम्ही सगळे हसलो.

भिंगरी, म्हणून हे पत्र. माझ्या स्वतःच्या भीतीची आता मला ओळख झालीय, तिच्याबरोबर चहा पिते मी. पण ही दुसरी भीती आली तेव्हापासून मला घास गिळवत नाही. कदाचित काहीच नसेल. गरोदरपणात शंभर गोष्टी होतात, आणि देव करो, ही त्यातलीच एक असो. पण तू दुभाषी आहेस, दिवसभर एका माणसाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवतेस. तू याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा. जावईबापूंना बरोबर ने. डॉक्टरांना सरळ सांग, आजीला होतं, आईला आहे, कानात शिट्टी वाजते आणि दिवस गेलेत. उगाच बटण दाबू नकोस, आलं तर आलं म्हण, नाही आलं तर नाही म्हण. मी हे फोनवर का सांगितलं नाही माहीत आहे? तू घाबरून हळू आवाजात काहीतरी बोलली असतीस, मला ते ऐकू आलं नसतं, आणि मी काही न समजता बरं बरं म्हटलं असतं. तपासणी झाली की निकाल काहीही असो, आधी मला सांग. पहिल्या वेळी नाही कळलं तर मी पुन्हा विचारीन. तू पुन्हा सांग.

वाट बघणारी,
तुझीच,
आई